सहकारी म्हणावे कोणास?

दरवर्षी स्मरणिकेचे काम अंगावर आले की जाहिरातींची पाने, हिशेबाची पाने आणि दिवंगत सभासदांस वाहिलेल्या श्रद्धांजलीचे पान, एवढी जुळवाजुळव करतानाच आमचा दम निघतो. या खेपेस मात्र संपादक मंडळाने एक नवे पान घालण्याचे ठरविले. सिल्वासा, दादरा, नरोली, खानवेल या परिसरात आपल्या सभासदांच्या ज्या पेढ्या, दुकाने, वखारी व कारखाने आहेत, तेथे दीर्घकाळ काम केलेल्या मंडळींची नावे त्या पानावर छापावी, असा बेत होता. नावे आली, याद्या तयार झाल्या. परंतु पानास मथळा कोणता द्यावा, यावर बैठक अडली. ‘नोकरवर्ग’ हा शब्द कोणासच रुचेना. ‘कर्मचारी’ म्हटले की सरकारी कचेरीचा वास येतो. ‘स्टाफ’ हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे खरा, पण स्मरणिकेच्या पानावर तो परका वाटतो. अखेर कोणीतरी ‘आमचे सहकारी’ हे शब्द सुचविले आणि सर्वांनी माना डोलावल्या.

याद्यांची स्वच्छ नक्कल करीत एक वयोवृद्ध मेहताजी कोपऱ्यात बसले होते. चाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी वही लिहिली आहे. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाले, “शेठ, नाव बदललेत हे चांगले झाले. पण वहीत आम्ही बसतो ते नावे बाजूसच ना?”

बैठकीत हशा पिकला. ज्यांस वहीची सवय नाही अशा वाचकांसाठी सांगावयाचे तर आलेली रक्कम जमेच्या बाजूस आणि गेलेली नावे बाजूस, अशी ही जुनी रीत आहे. पगार हा नेहमीच नावे पडतो. हसून झाले, चहा झाला, मंडळी उठली. पण मेहताजींचा प्रश्न आमच्याबरोबर घरी आला. ज्यांस आपण सहकारी म्हणावयास निघालो आहोत, त्या शब्दाचा अर्थ तरी आपणांस नीट ठाऊक आहे काय? तो आला कोठून? आणि तो उच्चारताना आपण कोणते देणे पत्करतो? या लेखात त्याचाच थोडा विचार करण्याचे योजिले आहे.

प्रथम पेढीवरील जुनी नावे पाहू. आपल्या वाडवडिलांच्या गादीजवळ ‘सहकारी’ नावाचा मनुष्य कधी बसलेला नव्हता. तेथे होता तो गुमास्ता. हा शब्द फारशी असून त्याचा अर्थ ‘नेमलेला’ असा आहे. नेमणारा एक, नेमलेला दुसरा. दोघांमधील सारे नाते त्या एका शब्दात येते. आपल्या मुंबईकर आप्तांच्या तोंडी हा शब्द अजून जिवंत आहे, कारण दुकाने व आस्थापना यांविषयीचा १९४८ सालचा मुंबईचा कायदा लोकांनी ‘गुमास्ता कायदा’ या नावानेच ओळखला. २०१७ साली महाराष्ट्राने नवा कायदा केला, तरी दुकानाचा परवाना अद्याप ‘गुमास्ता’च म्हणवून घेतो.

गुमास्त्याच्या वर मुनीम. हा शब्द मूळ अरबी ‘मुनीब’ यावरून आला. ‘नायब’ आणि ‘नबाब’ हे त्याच कुळातले. गंमत अशी की, ‘मुनीब’ म्हणजे वस्तुतः दुसऱ्यास आपला प्रतिनिधी नेमणारा, म्हणजे धनी. आपल्याकडे येईतो नेमणाऱ्याचे नाव नेमलेल्यास चिकटले. शेठ परगावी गेले की मुनीमच शेठ होत असे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस या अदलाबदलीचे फारसे नवल वाटणार नाही.

कारकून हाही फारशीच. ‘काम करणारा’ एवढाच त्याचा साधा अर्थ. पण फारशी ‘कार’ आणि संस्कृत ‘कृ’ धातू ही एकाच प्राचीन घराण्यातील भावंडे होत. तेव्हा कारकुनातील ‘कार’ आणि सहकाऱ्यातील ‘कारी’ यांचे रक्ताचे नाते आहे. आपल्या गुजराती बांधवांच्या जुन्या पेढ्यांवर आणखी एक गोड शब्द होता, तो म्हणजे ‘वाणोतर’. कोशकार त्याची व्युत्पत्ती ‘वणिक्पुत्र’ अशी देतात. दुकानात हिशेब लिहिणाऱ्या मनुष्यास वाण्याचा पुत्र म्हणावे, यात केवळ शिष्टाचार नाही. पुष्कळदा तो खरोखर नात्यातला वा गावाकडचा मुलगा असे. शेठच्या घरीच जेवे, व्यापार शिके, आणि पुढे स्वतःची पेढी घाली. वाणोतर ही व्यापाराची शाळाच होती.

या नावांच्या बरोबरीने आपण रोज वापरतो ते दोन शब्दही येथे तपासून पाहण्यासारखे आहेत, ते म्हणजे ‘सोबती’ आणि ‘साहेब’. सोबत हा अरबी ‘सुहबत’ या शब्दापासून आलेला आहे. आणि ‘साहेब’? तोही त्याच धातूपासून निघालेला. साहेब म्हणजे मुळात सोबतीच! जो बरोबर असतो तो साहेब. तोच शब्द पुढे मालक, अधिकारी, वरिष्ठ अशा पायऱ्या चढत गेला आणि आज सोबत्याची जागा दाराबाहेरच्या बाकावर आहे, तर साहेबांची आतल्या खोलीत. एका धातूच्या दोन मुलांचे नशीब इतके वेगळे निघावे, यातून एक धडा मिळतो. शब्द जपला नाही तर तोही माणसासारखाच मोठेपणाने बिघडतो.

आमच्या या भूमीस पोर्तुगीज शब्दांचीही ओळख आहे. १७८३ साली नगर हवेली व १७८५ साली दादरा पोर्तुगीजांकडे गेले आणि १९५४ पर्यंत त्यांच्या ताब्यात राहिले. पण त्यांचे काही शब्द अवघ्या मराठी मुलखात त्याआधीच रुजले होते. महिनाअखेरीस ज्याची वाट सारेच पाहतात तो ‘पगार’ हा शब्द पोर्तुगीजच. त्या भाषेत ‘पगार’ म्हणजे देणे चुकते करणे, फेडणे. कारागिरांचा ‘मेस्त्री’ हाही तेथलाच. आणि आपल्या न्याहारीतला ‘पाव’ही. बरोबर काम करणाऱ्या वा वाट चालणाऱ्या सोबत्यास पोर्तुगीज भाषेत ‘कोंपान्येइरो’ म्हणतात. या शब्दाच्या पोटात लॅटिनमधील भाकरीचा शब्द आहे, आणि त्याच शब्दापासून पोर्तुगीजांचा पाव झाला. म्हणजे तिकडचा सोबती तो, ज्याच्याबरोबर आपण पाव वाटून खातो. पगार म्हणजे फेड, आणि सोबती म्हणजे एका भाकरीचा वाटेकरी! आमच्या मेहताजींस हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मग फेड झाली की सोबत संपते असे नव्हे.”

आता मुख्य शब्दाकडे वळू. सहकारी हा शुद्ध संस्कृत शब्द. ‘सह’ म्हणजे बरोबर, आणि ‘कृ’ म्हणजे करणे. जो बरोबर करतो तो सहकारी. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘जो आपले काम करून देतो’ असा त्याचा अर्थ नाही. ‘ज्यास आपण नेमले’ असाही नाही. तो आणि आपण मिळून जे करतो, त्या करण्यात तो आपल्या शेजारी आहे, एवढेच हा शब्द सांगतो. वर कोण, खाली कोण, याविषयी तो मौन पाळतो.

संस्कृतात ‘सहकार’ या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, आणि तो ऐकून आमच्या आंब्याच्या बागाईतदारांस आनंद होईल. अमरकोशात अतिसुगंधी आंब्यास सहकार म्हटले आहे. कालिदासाच्या शाकुंतलात नवमालिकेची वेल ज्या वृक्षाला वरते तो सहकारच. दमणगंगेच्या काठी ज्येष्ठात आंबा पिकतो तेव्हा सहकाराचा हा सुगंधी अर्थ आपल्या अंगणात असतो, पण त्यास आपण त्या नावाने ओळखत नाही.

शब्दाची खरी घडण मात्र काव्यात झाली नाही, ती शास्त्रात झाली. आपल्या देशातील तर्कशास्त्रज्ञांनी कार्य आणि कारण यांचा विचार करताना ‘सहकारी कारण’ अशी संज्ञा योजिली. कोठारातील बी वर्षभर तसेच पडून राहते. तेच मातीत पडले, त्यास पाणी व ऊब मिळाली की अंकुर फुटतो. अंकुर बीजाचाच, मातीचा नव्हे. पण मातीवाचून व पाण्यावाचून तो फुटला नसता. माती, पाणी व ऊब ही बीजाची सहकारी कारणे. या उदाहरणावर नैयायिक, बौद्ध आणि जैन पंडितांनी शतकानुशतके वाद घातले. आपणांस त्या वादात शिरण्याचे कारण नाही. व्यापाऱ्यास एवढे पुरे की, भांडवल हे कोठारातील बी आहे.

जैन वाचकांस तर हा शब्द घरचाच आहे. नेमिचंद्राचार्यांच्या ‘द्रव्यसंग्रह’ या अवघ्या अठ्ठावन्न गाथांच्या प्राकृत ग्रंथात धर्म या द्रव्याचे लक्षण सांगताना ‘सहयारी’ असा शब्द आला आहे. हे आपल्या सहकारी शब्दाचेच प्राकृत रूप. (येथे धर्म म्हणजे आचारधर्म नव्हे, गतीस साहाय्य करणारे द्रव्य, या पारिभाषिक अर्थाने तो शब्द घ्यावयाचा.) तेथे दृष्टांत मासा आणि पाणी यांचा. मासा चालू लागला की पाणी त्यास साहाय्य करते. थांबलेल्या माशास ते ओढून नेत नाही. लगेच पुढच्या गाथेत स्थितीस साहाय्य करणाऱ्या अधर्म द्रव्यासाठी वाटसरू आणि सावली यांचा दृष्टांत आहे. जो थांबला त्यास सावली विसावा देते. जो निघाला त्यास ती धरून ठेवीत नाही.

सहकाऱ्याचे याहून नेमके वर्णन आमच्या तरी पाहण्यात नाही. तो ढकलीत नाही, ओढीत नाही, अडवीत नाही. आणि तरी त्याच्यावाचून गती नाही. कामगारांस हाकणारा मुकादम या अर्थाने सहकारी नव्हे. धन्यापुढे केवळ मान हलविणाराही नव्हे. आणि बाजार मंदावला असता जो मालक माणसांस पायरी दाखवितो व तेजीत त्यांस बांधून ठेवू पाहतो, त्याने हा सावलीचा दृष्टांत दुकानात लावून ठेवावा.

हा शास्त्रातील शब्द बाजारात आला तो गेल्या दीडशे वर्षांत. १८८९ साली बडोद्यास विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर या मराठी गृहस्थांनी पतपेढी स्थापन केली. तिचे नाव अन्योन्य सहायकारी मंडळी. ‘अन्योन्य’ म्हणजे एकमेकांस. नाव देणाऱ्याने सहकाराचे अर्धे मर्म पहिल्याच शब्दात सांगून टाकले होते. १९०४ साली हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला आणि ‘सहकारी’ हे विशेषण कागदोपत्री रूढ होत गेले. १९५० साली अहमदनगर जिल्ह्यातील प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले, आणि महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत हा शब्द उसाच्या गाड्यांबरोबर पोहोचला.

दुसऱ्या वाटेने तो राजकारणातून आला. लोकमान्यांनी अखेरच्या काळात सरकारशी वागण्याचे जे धोरण सांगितले, त्यास ‘प्रतियोगी सहकारिता’ असे नाव मिळाले. १९२० साली महात्माजींनी पुकारलेल्या असहकारामुळे तर, सहकार म्हणजे काय हे ज्यांस ठाऊक नव्हते, त्यांसही असहकार म्हणजे काय ते कळले. पुष्कळ गोष्टींचे मोल त्या काढून घेतल्यावरच ध्यानात येते. सहकार ही त्यांपैकीच एक होय.

आमच्या प्रदेशाचा अर्वाचीन इतिहास तर याच शब्दाने सुरू होतो. १९५४ सालच्या २२ जुलैस दादरा मुक्त झाले आणि २ ऑगस्टला सिल्वासा. ही मुक्ती एका पक्षाने केली नाही. युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स, आझाद गोमंतक दल, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक, गोव्यातील डावे कार्यकर्ते, अशा परस्परांशी न पटणाऱ्या मंडळींचा तो उद्योग होता. गायक व संगीतकार सुधीर फडके त्यांत होते. त्यांचे विचार एक नव्हते, झेंडे एक नव्हते. त्यांस मित्र म्हणता येणार नाही, अनुयायी तर नाहीच. सहकारी मात्र ते होते. पुढे ११ ऑगस्ट १९६१ रोजी भारतात विलीन होईपर्यंत वरिष्ठ पंचायतीने येथील कारभार पाहिला.

आणि उद्योगाचे काय? येथील पहिली औद्योगिक वसाहत १९६५ साली पिपरिया येथे झाली, ती दान उद्योग सहकारी संघाने उभारलेली. ज्या गावात त्यापूर्वी कारखान्याचा भोंगा नव्हता, तेथे उद्योगाच्या पहिल्याच पाटीवर ‘सहकारी’ हा शब्द होता. पुढे मसाट, खडोली, सिल्वासा येथे वसाहती झाल्या. सुताचे, प्लास्टिकचे, तारांचे कारखाने आले. वारली, धोडिया, कोकणा समाजांतील तरुण आणि बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून आलेले कामगार एकाच पाळीत उभे राहू लागले. आपल्या सभासदांपैकी कित्येकांचे वैभव त्यांतून उभे राहिले. पाटीवरचा तो शब्द मात्र आपण संस्थेपुरता ठेवला आणि माणसाला लावावयाचे विसरलो. गुजरातीतही ‘सहकारी’ म्हटले की बहुधा मंडळी वा बँक डोळ्यांपुढे येते, माणूस येत नाही. मराठीत अजून माणूस येतो. ती जपण्यासारखी ठेव आहे.

येथवर आल्यावर मेहताजींच्या प्रश्नास उत्तर देता येईल असे वाटते. गुमास्ता, कारकून, नोकर हे एकेरी शब्द आहेत. तो आमचा गुमास्ता आहे म्हणून आम्ही त्याचे गुमास्ते होत नाही. ‘सहकारी’ हा शब्द मात्र दुहेरी आहे. तो आमचा सहकारी असेल तर आम्ही त्याचे सहकारी झालोच. त्यातून सुटका नाही. म्हणून हा शब्द वापरणाऱ्याने एकच कसोटी लावावी. ज्यास आपण सहकारी म्हणतो, त्याने उलट आपणांस ‘माझे सहकारी’ म्हटले, तर आपणांस कसे वाटेल? कानास खटकले, तर शब्द अजून आपल्या ओठांवरच आहे असे समजावे.

असा विचार मनात घेऊन आम्ही त्या पानाच्या याद्या पुन्हा उघडल्या, आणि आम्हांस लाज वाटली. त्यांत मेहता होते, विक्रेते होते, कचेरीतील मंडळी होती. हमाल नव्हते. टेंपोचालक, रात्रीचे राखणदार, माल बांधणाऱ्या स्त्रिया नव्हत्या. ठेकेदारामार्फत येणारी जी माणसे आपल्याच यंत्रांवर वर्षानुवर्षे उभी आहेत, त्यांपैकी एकाचेही नाव नव्हते. कोणी मुद्दाम वगळले असे नव्हे. ती आपली माणसे आहेत, हेच कोणाच्या ध्यानात आले नव्हते. पगार दुसऱ्याच्या हातून जातो, म्हणून ते दुसऱ्याचे!

छपाई आठवडाभर थांबविली. नावे गोळा करण्यास माणसे पाठविली, स्वतःही हिंडलो. तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. बारा वर्षे आपल्या वखारीत पोती वाहणाऱ्याचे आडनाव आम्हांस ठाऊक नव्हते. विचारले तेव्हा तो प्रथम बिचकला. नाव कशासाठी हवे, कामावरून काढणार काय, असे त्याने विचारले. आपण नाव विचारले की माणसास भय वाटावे, याहून अधिक काय सांगावयाचे?

काही सभासदांनी हरकत घेतली. यादी फार लांबेल, पाने वाढतील, ठेकेदाराची माणसे उद्या हक्क सांगतील, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या शंका सर्वस्वी निराधार होत्या असे आम्ही म्हणणार नाही. व्यापारात शंका घेणे हा दोष नव्हे. परंतु जाहिरातीचे एक पान कमी करून जागा काढता आली. आणि हक्काचा प्रश्न असेल तर तो नाव छापल्याने उत्पन्न होत नाही, काम केल्याने होतो.

अखेर खर्डा तयार झाला आणि तपासण्यासाठी मेहताजींकडे गेला. चष्मा लावून त्यांनी ओळीवर ओळ वाचली. एके ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारले, एका आडनावातील अक्षर बदलले. मग मथळ्यावर थांबले. तेथे ‘आमचे सहकारी’ असे होते. त्यांनी पहिल्या शब्दावर एक बारीक रेघ ओढली आणि वर लिहिले ‘आम्ही’. म्हणाले, “शेठ, असे असू द्या. मग शब्द दोन्हीकडून वाचता येतो.”

‘आम्ही सहकारी’ असा मथळा झाल्यावर मालकांची नावेही त्याच यादीत घालणे क्रमप्राप्त झाले. तशी ती घातली आहेत, अकारविल्हे, कोणतीही खूण न करता. वाचकांनी ते पान उघडावे, आपले नाव शोधावे, आणि त्याच्या वर व खाली कोणाचे नाव आले आहे ते अवश्य पाहावे. लाभपंचमीस दुकान उघडाल तेव्हा त्या दोघांस नावानिशी हाक मारावी, एवढीच विनंती. वहीतील नावे बाजू काही बदलावयाची नाही. तो हिशेबाचा नियम आहे. पण वहीपलीकडेही एक खाते असते, आणि त्यात ही मंडळी आपल्या जमेस आहेत.